हप्त्यांवरचा देव्हारा

आमच्या गल्लीत दार कुणी वाजवत नाही. मागचं दार सरकवायचं, "आहेस का गं?" म्हणायचं आणि उत्तराची वाट न पाहता चपला काढायच्या, अशी इथली रीत. त्यामुळे त्या सकाळी दारावर टकटक झाली तेव्हा मला वाटलं, मीटर बघायला कुणी आलं असेल. नोव्हेंबर सरत आला होता. मठातले गुरुजी लवकरच घरोघरी पोथी वाचायला येणार होते, आणि त्या दिवशीच्या जेवणाची चव आधी जमते का ते बघायला मी थोड्या तांबड्या चवळ्या आणि मुळा एकत्र शिजत ठेवला होता. हे चहाचा पेला हातात घेऊन शेगडीपाशी उभे होते आणि पातेल्याचं झाकण उघडून उघडून आत डोकावत होते.

"झाकण ठेवा," मी म्हटलं. "तुम्ही बघितल्यानं चवळी लवकर शिजत नाही."

"दार वाजतंय," हे म्हणाले आणि झाकण तसंच हातात धरून बाजूला सरकले.

दारात किनुयो-सान उभ्या होत्या. शेजारच्या इसोबेंच्या किनुयो-सान. इतक्या वर्षांत त्यांनी आमचं दार कधी वाजवलं नव्हतं. अंगात मासळीच्या खळ्यावरचा निळा एप्रन होता, पण डोक्याचा रुमाल काढून केस पाण्यानं चापून बसवलेले होते. कामावरून मधेच सुटी मागून आल्या असणार.

"योरिको, तुला थोडा वेळ आहे का गं? आमच्याकडे एक माणूस आलाय. तू नुसती येऊन बस."

"कोण माणूस?"

"ताकाओका शहरातल्या देव्हाऱ्यांच्या दुकानातला." त्यांनी आवाज खाली आणला. "खळ्यावर निरोप पाठवून मला बोलावून घेतलं त्यानं. मी त्याला चहा दिलाय. तो चहा संपायच्या आत मला कुणीतरी बरोबर हवंय."

"जा तू," हे मागून म्हणाले. "चवळीकडे मी बघतो."

"बघूच नका," मी म्हटलं आणि एप्रन काढून निघाले.

किनुयो-सानचा देव्हारा आख्ख्या गल्लीला माहीत होता. तो त्यांच्याकडे कसा आला हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

किनुयो-सान मूळच्या डोंगराकडच्या. लग्न होऊन इथे बंदरात आल्या तेव्हा त्यांना तारली आणि बांगडा वेगळा ओळखता येत नव्हता, असं त्यांचा नवरा तामोत्सु म्हातारपणापर्यंत सगळ्यांना सांगत असे. तामोत्सु मोठ्या जाळ्यावर कामाला होता. तीन भावांत धाकटा. वर चढावरच्या थोरल्या घरात इसोबेंचा जुना देव्हारा होता, आणि वाडवडलांची नावं त्यात. धाकट्या भावानं वेगळं घर मांडलं की त्या घरात पहिलं माणूस जाईपर्यंत देव्हारा नसतो. जागा मात्र राखून ठेवतात. तामोत्सुनंही घर बांधताना आतल्या खोलीत भिंतीएवढा कोनाडा ठेवला होता. मूलबाळ काही झालं नाही. कोनाड्यात उन्हाळ्यात हीटर असायचा आणि हिवाळ्यात पंखा.

"आपल्यात जो आधी जाईल त्याला ही खोली," तामोत्सु म्हणायचा. "दुसऱ्यानं पंखा कुठे ठेवायचा ते आत्ताच ठरवून ठेव."

आधी तोच गेला. आयुष्यभर समुद्रावर राहून तो समुद्रानं गेला नाही, पोटातल्या गाठीनं गेला. हिवाळ्याच्या सुरुवातीला दवाखान्यात नेला आणि बर्फ वितळायच्या आत घरी परत आणला तो तसाच.

आमच्याकडे माणूस गेला की लोक महिनोन्‌महिने उदबत्ती लावायला येत राहतात. येणारा आधी देव्हाऱ्यापुढे बसतो, मग घरच्यांशी बोलतो. आणि आमच्या भागात देव्हारा म्हणजे काय, तर बाहेरून काळं लाखकाम, दारं उघडली की आत वरपासून खालपर्यंत सोन्याचा वर्ख, कोरीव खांब, पितळी जाळ्या. बसक्या घरातही तो सोन्याचाच लागतो. गाडीच्या किमतीत येतो, आणि गाडीसारखाच लोक तो हप्त्यांनी घेतात. किनुयो-सानकडे तामोत्सुच्या औषधपाण्यानंतर तेवढं काही उरलं नव्हतं. त्यांनी कपड्यांच्या खणावर एक लाकडी पेटी ठेवली, तिच्यात त्याच्या नावाची पट्टी लावली, पुढे उदबत्तीचं भांडं.

थोरल्या घरच्या जाऊबाई, सुमिए-सान, चार बायकांदेखत म्हणाल्या, "बाई गं. आमच्या तामोत्सुला रेडिओसारखं मांडून ठेवलंयस."

किनुयो-सान चहा ओतत होत्या. त्यांनी शेवटच्या पेल्यापर्यंत चहा ओतला. पण त्यानंतर त्यांनी खळ्यावरचं काम सोडलं नाही. वय झालं, बोटं वाकडी झाली, तरी तारलीची पोटं फाडायची, गोड रसात बुडवायची, जाळीवर एकेक मांडायची. मी एकदा म्हटलं, आता पुरे करा. म्हणाल्या, "त्याला नीट बसवलं की करते पुरे."

देव्हारा आला तो होरितांच्या मासुए-सानकडून. गावातलं सगळ्यांत मोठं घर. सासरे गेले तेव्हा घराला शोभेल असा देव्हारा हवा म्हणून त्यांनी भला मोठा आणला, हप्त्यांनी, कारण घर जेवढं मोठं होतं तेवढी हातात रोकड नव्हती. पुढे त्यांचे यजमानही गेले. मुलगा नागोयाला. त्यानं आईला तिकडे बोलावलं आणि इथलं घर बंद करायचं ठरलं. नागोयाच्या घराचं छत हाताला लागेल एवढं खाली. देव्हारा लिफ्टमध्येही मावणार नव्हता.

"किनु, तू घेतेस का याला?" मासुए-साननी विचारलं.

देव्हारा विकला-घेतला असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. घरी आणला म्हणतात. त्यामुळे भाव ठरवणं झालं नाही, पावतीचा तर प्रश्नच नव्हता. किनुयो-साननी इतक्या वर्षांचं साठवलेलं सगळं एका पांढऱ्या पाकिटात घातलं, वर माझ्याकडून ब्रशनं 'आभार' एवढंच लिहून घेतलं आणि पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. मासुए-साननी न उघडता ते बाजूला ठेवलं. गुरुजींनी होरितांकडे पोथी वाचून आतली देवाची तसबीर उतरवली, देव्हारा रिकामा केला. मग तो किनुयो-सानच्या कोनाड्यात येऊन बसला आणि गुरुजींनी इथे पुन्हा पोथी वाचली. तिकडचं सोडवलं, इकडचं बांधलं. दोघी बायकांच्या लेखी आणि खरं सांगायचं तर माझ्याही लेखी, जुन्या घराचं जे काही होतं ते त्या पोथीबरोबर सुटलं होतं.

गुरुजी जाता जाता म्हणाले, "एक लक्षात ठेवा हं. तामोत्सु-सान काही या पेटीत नाहीत. ते केव्हाच सुखावतीला, बुद्धाच्या लोकात पोचले. हे बुद्धाचं स्थान आहे."

"हो, गुरुजी," किनुयो-सान वाकून म्हणाल्या. गुरुजी गल्लीच्या वळणापर्यंत गेले असतील नसतील, त्या देव्हाऱ्यापुढे बसून म्हणाल्या, "ऐकलंस का? तू इथे नाहीयेस म्हणे."

सुमिए-सानही आल्या बघायला. आत वाकून, वर बघून, पितळी जाळीला बोट लावायला गेल्या.

"हात नको लावूस," किनुयो-सान म्हणाल्या. "बोटांचं तेल सोन्याला लागतं."

"जुना आहे ना हा?"

"तामोत्सुसुद्धा जुनाच होता."

एवढंच काय ते त्या जावेला आयुष्यात उलट बोलल्या. त्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे येऊन ते मला सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि मग हसता हसता त्यांनी एप्रनला डोळे पुसले.

देव्हारा आल्यापासून बाई बदलल्या. आधी कुणाकडे गेल्या तर दाराशीच बसायच्या, मासळीचा वास येतो म्हणायच्या. आता लोकांना आत बोलवायला लागल्या. खळ्यावरून आलं की चहाच्या चोथ्यानं हात घासायचे, वास जाईपर्यंत, आणि मगच देव्हाऱ्याची दारं उघडायची. पिसाच्या ब्रशनं धूळ झाडायची, तामोत्सुसाठी पुढे भाताची वाटी ठेवायची. आमची भिंत एकच, त्यामुळे मला ऐकू यायचं. बुरी मासा यंदा उशिरा येतोय, लिलावात भाव पडलेत, अमक्याच्या पोरानं जाळ्यावरचं काम सोडलं आणि तोयामाला दुकानात लागला. गप्पा चालल्यासारखं सगळं. मधे थांबायच्याही, त्याला बोलायला जागा द्यावी तशा.

असो. त्या सकाळी मी त्यांच्या मागच्या दारानं आत गेले तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातच थांबवलं.

"योरिको, आधी एक ऐक. मासुएनं मला तेव्हा सांगितलं होतं. हप्ते राहिलेत म्हणून."

"कशाचे?"

"देव्हाऱ्याचेच गं. नागोयाहून मी भरत राहीन, म्हणाली. भरत होतीही."

"हे त्याच्यापुढे बोलू नका," मी म्हटलं. "आधी तो काय म्हणतो ते ऐकू."

आतल्या खोलीत तो माणूस गुडघे मोडून बसला होता. पंचेचाळिशीचा असेल. कुरोसाकी असं नाव सांगितलं. कोट घडी करून शेजारी ठेवला होता आणि चहाला हात लावला नव्हता.

"आधी नमस्कार करू का?" त्यानं विचारलं.

किनुयो-साननी उठून देव्हाऱ्याची दारं उघडली. तो सरकत पुढे गेला. उदबत्ती घेतली, ती मधोमध मोडली आणि भांड्यातल्या राखेवर आडवी ठेवली. शहरातले लोक उभी खोचतात. हा आपल्यातलाच, माझ्या मनात आलं. त्यामुळे बरं वाटायला हवं होतं, पण उलट धीर खचला. परक्या माणसाशी भांडता आलं असतं.

तो हात जोडून बराच वेळ बसला. वळला तेव्हा त्यानं आमच्याकडे न बघता वरच्या कोरीव कामाकडे बघितलं.

"हा मीच पोचवला होता होरितांकडे. नवीनच लागलो होतो दुकानात. त्यांच्या जिन्याच्या वळणावर अडकला होता, मालकांनी मला तिथेच शिव्या घातल्या." मग म्हणाला, "छान ठेवलाय तुम्ही, आजी. आमच्या दुकानातले असे राहत नाहीत."

"चहा घ्या ना," किनुयो-सान म्हणाल्या.

"घेतो." त्यानं पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "होरिता-सान आजारी आहेत, हे तुम्हाला माहीत असेल."

आम्हाला माहीत नव्हतं. नव्या वर्षाचं पत्र आलं नव्हतं, पण शहरात गेलेली माणसं हळूहळू पत्रं विसरतात, असं आम्ही धरून चाललो होतो. मासुए-सानना गेल्या हिवाळ्यात झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगा भेटायला जातो तेव्हा त्याच्याकडे बघतात, पण कोण म्हणून बघतात ते त्यालाही कळत नाही. हप्ते तेव्हापासून थांबले. दुकानानं पत्रं पाठवली, मग कुरोसाकी स्वतः नागोयाला जाऊन आला. मुलगा म्हणाला, देव्हारा माझ्याकडे नाही, आईनं गावातच कुणाला दिला, त्याचं मला काही विचारू नका.

"आमच्याकडे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत देव्हारा दुकानाचा असतो," कुरोसाकी म्हणाला. "घेणाऱ्याला तो दुसऱ्याला देता येत नाही. घेताना तसं ठरतं."

"पण गुरुजींनी तिकडे पोथी वाचली होती," किनुयो-सान म्हणाल्या. "सोडवला होता तिथून. रीतीनं."

"पोथीनं देव सुटतात, आजी. हप्ते नाही सुटत."

तो हे मऊपणानं म्हणाला, पण म्हटल्यावर त्यालाच कसंतरी झालं असावं. त्यानं मान खाली घातली. खोलीत उदबत्तीचा वास पसरत होता. बाहेर समुद्राच्या बाजूला आभाळ गडगडलं. बुरी येण्याआधी गडगडतं तसं.

"मला तुम्हाला एकच विचारायचंय," तो म्हणाला. "हा घरी आणलात तेव्हा होरिता-साननी तुम्हाला सांगितलं होतं का, पैसे बाकी आहेत म्हणून? सांगितलं नसेल तर तुम्ही सरळ मनानं घेतला. मग तुमच्याशी आमचं काही नाही. मालकांनी बजावून पाठवलंय, अशा घरातून देव्हारा काढायचा नाही. मुलाचं काय ते मुलाशी बघू. पण सांगितलं असेल, तर मात्र मला तो न्यावा लागेल." त्यानं थोडं थांबून पुढे म्हटलं, "विचार करून सांगा. किती वर्षांपूर्वीची गोष्ट. माणूस विसरतोही."

एवढं उघडं दार कुणी कुणाला करून देत नाही. मी घाईघाईनं आत शिरले. "होरिता-सान असल्या गोष्टी बोलणाऱ्यातल्या नव्हत्याच हो. मोठ्या घरच्या. पैशाचा विषय त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही आम्ही." आणि बसक्या टेबलाखालून किनुयो-सानचा गुडघा दाबला.

त्यांनी गुडघा बाजूला घेतला.

"मी नाही म्हटलं, तर मासुएचं काय होईल?"

"काय होणार? त्या अंथरुणावर आहेत."

"तरीपण."

कुरोसाकीनं मानेवरून हात फिरवला. "दुकानाचा माल लपवून, फसवून विकला, असं होईल. मुलाला तसं कळवावं लागेल. त्यांना स्वतःला कुणी काही करणार नाही, आजी. त्यांना कळणारही नाही."

"पण तसं म्हटलं जाईल."

"म्हटलं जाईल. हो."

"त्यांना कळणार नाही म्हणतायत ना हे," मी किनुयो-सानच्या कानाशी बोलले. "तामोत्सु-सानचा तरी विचार करा."

त्या देव्हाऱ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या चटईकडे बघत होत्या, तिथे काहीतरी सांडलंय आणि पुसायचं राहिलंय अशा.

"तिनं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दोनदा सांगितलं. तिच्या घरी आम्ही दोघी याची धूळ झाडत होतो. घरातलं बाकी सगळं गेलं होतं, भिंतींवर नुसत्या खुणा राहिल्या होत्या. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तर तिनं हातातला ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, 'किनु, ऐकतेयस ना? अजून हप्ते आहेत. तू नाही म्हणालीस तरी मला राग नाही.' ती बाई घर मोडून निघाली होती आणि मी सोनं बघत होते. मला हवा होता हो हा. मी म्हटलं, तू भरशील ना, मग झालं तर."

कुरोसाकीनं शेवटी गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"आजी, मी हे ऐकलं नाही असं समजू शकतो."

"मग मी पुन्हा सांगते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. तो माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

राहिलेले हप्ते कुणी भरले तर देव्हारा इथेच राहील, असं त्यानं सांगितलं आणि आकडाही सांगितला. त्यात एखादा छोटा टेम्पो आला असता. किनुयो-सान ऐकून किंचित हसल्या, लहान मुलानं काहीतरी अशक्य मागितल्यावर हसावं तसं. माझ्या मनात आमची ठेव आली, यांच्या निवृत्तीची. तिच्यात आमचं छप्पर होतं, यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. मी तोंड उघडलं नाही, पण किनुयो-साननी माझ्याकडे बघून मान हलवली.

"नाही हं, योरिको. मग मला रोज त्याच्याबरोबर तुलाही नमस्कार करावा लागेल."

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. मी उठून चहाचं भांडं भरायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. तिथे ओट्यावर त्यांचे खळ्यावरचे रबरी हातमोजे वाळत घातले होते, बोटं वर करून. नळ सोडून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

परत आले तेव्हा दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. देवाची तसबीर आणि तामोत्सुच्या नावाची पट्टी किनुयो-सानचीच राहणार होती. उदबत्तीचं भांडं, घंटा, फुलदाण्या, त्याही. न्यायची ती फक्त पेटी. सोन्याची.

"दुकानात नेऊन काय करता याचं?" त्यांनी विचारलं.

"सगळा सुटा करतो. धुतो, नवा वर्ख लावतो. मग देतो कुणाला तरी."

"चांगलं घर बघून द्या."

"बघतो."

"खालच्या डाव्या खांबावर मेणाचा डाग आहे. माझ्याकडून पडला. काढायला गेले असते तर सोनं निघालं असतं, म्हणून तसाच ठेवलाय."

"आम्ही काढू."

"सुमिए-सानला आता बोलायला विषय मिळाला," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता.

कुरोसाकीनं कोट उचलला, पण घातला नाही. "गुरुजी तुमच्याकडे कधी येतायत पोथीला?"

"शनिवारी."

"मग ते होऊन जाऊ दे. त्यांना आणि येणाऱ्यांना याच्यापुढेच बसू दे. आम्ही पुढच्या गुरुवारी येतो. मालकांना मी सांगतो." तो देव्हाऱ्यापुढे पुन्हा वाकला आणि उठला. "गुरुवारी सकाळी नऊला ट्रक आणतो. माणसं मी निवडून आणीन, धसमुसळी नकोत."

किनुयो-सान त्याला पोचवायला दारापर्यंत गेल्या. मी मागे. त्यानं बूट घातले, वळून कमरेत वाकला. त्याही वाकल्या, आणि वाकलेल्या असतानाच म्हणाल्या,

"एक मागू का तुमच्याकडे?"

"मागा ना, आजी."

"नऊला नका येऊ. जाळ्यावरची माणसं नऊला घरी येतात जेवायला. मी त्याला तेव्हा गरम भात ठेवते. दुपारनंतर या."